नाण्यांचा हिशेबनीस

१९८७ सालची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी म्हणून मी नुकताच बदलून गेलो होतो. बँकेत चार्ज घेणं हा एक सोहळाच असतो. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक आपल्या ताब्यात येते. मग रोकड मोजायची, मुदतठेवींच्या कोऱ्या पावत्या मोजायच्या आणि सोनेतारणाची पाकिटं रजिस्टरशी ताडून पाहायची. पाकिटं दोनशेच्या वर होती. लाखेचं सील शाबूत आहे ना, वर नंबर आहे ना, एवढं पाहून मी रजिस्टरमध्ये बरोबरच्या खुणा करत गेलो. खरं म्हणजे त्यातली काही पाकिटं फोडून आतला ऐवज डोळ्यांनी पाहायला हवा होता. पण संध्याकाळचे साडेसात वाजले होते, आधीच्या अधिकाऱ्याला रात्रीची एसटी गाठायची होती, आणि मी नवखा होतो. नाही म्हणायचा संकोच वाटला. मी सही केली.

चारेक महिन्यांनी एक म्हातारी कर्ज फेडून आपला दागिना सोडवायला आली. पुतळ्यांची माळ होती. रजिस्टरमध्ये पुतळ्या ३१ लिहिलेल्या. तिच्यासमोर पाकीट फोडलं. तिने माळ हातात घेतली, जपमाळेसारखी एकेक पुतळी पुढे सरकवत मोजली आणि माझ्याकडे पाहिलं. २९ भरल्या. मी मोजल्या, शिपायाने मोजल्या, सराफाला बोलावून घेतलं, त्याने मोजल्या. २९. मग सराफाने काटा लावला. वजन त्याच्याच जुन्या दाखल्याशी गुंजभरही न चुकता जुळलं. म्हणजे सोनं तेवढंच होतं. लिहिणाऱ्याने मोजताना चूक केली होती, किंवा न मोजताच म्हातारीने सांगितलेला आकडा उतरवून घेतला होता. सगळ्यांनी तिला परोपरीने समजावलं. ती वादाला उभी राहिली नाही. वजनाचं तिला काही कळत नव्हतं. ३१ हा आकडा मात्र तिला सासूने सांगितलेला होता, आणि बँकेच्या वहीतही तोच होता. माळ पदराच्या टोकाला बांधून ती निघून गेली. बाहेर पायरीवर बसून तिने ती पुन्हा एकदा मोजली, ते मी खिडकीतून पाहिलं.

कागदोपत्री माझ्यावर काही आलं नाही. पण न पाहता केलेली ती सही मला आजही आठवते.

हे सगळं आठवायचं कारण एक ऑस्ट्रियन माणूस आहे. निवृत्तीनंतर एका कादंबरीतल्या सराफासाठी म्हणून मी जुन्या नाण्यांवरची पुस्तकं चाळायला लागलो आणि त्या नादातच अडकलो. कुठलंही पुस्तक उघडा, रोमन नाण्यांचं तर हटकून, पहिल्या दहा पानांत एक नाव येणारच : योझेफ हिलारिउस एक्हेल. नाणेशास्त्राचा जनक म्हणून नाणी जमवणाऱ्यांच्या साऱ्या जगात हा माणूस प्रसिद्ध आहे. पुढे लेकीबरोबर व्हिएन्नाला जायचा योग आला, तेव्हा तिथल्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये बाकीचे लोक चित्रांच्या दालनांत रेंगाळत असताना मी वरच्या मजल्यावर नाण्यांच्या दालनात जाऊन उभा राहिलो. या संग्रहात नाणी, पदकं, नोटा असं मिळून सहा लाखांच्या आसपास ऐवज आहे. काचेमागच्या त्या नीटनेटक्या रांगा पाहताना मला आपली स्ट्राँगरूम आठवली. आणि वाटलं, एवढ्या ऐवजाचा चार्ज पहिल्यांदा नीट ज्याने घेतला, त्या माणसाची गोष्ट आपल्या वाचकांना सांगायला हवी.

एक्हेलचा जन्म १३ जानेवारी १७३७ चा. गाव एन्झेसफेल्ड, व्हिएन्नापासून फार लांब नाही. बाप एका सरदाराच्या जमीनजुमल्याचा कारभारी. म्हणजे हिशेब, वह्या, धान्याची मापं हे घरातच होतं. मुलगा हुशार निघाला, तेव्हा त्याला व्हिएन्नाला जेझुइटांच्या शाळेत घातलं. आपल्याकडे ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स ज्या संघाचे, तोच हा संघ. चौदाव्या वर्षी एक्हेल त्या संघात दाखल झाला आणि पुढची बावीस वर्षं तेच त्याचं घर झालं. शिकून झाल्यावर त्याने आधी श्टायर नावाच्या गावी आणि मग व्हिएन्नात मुलांना काव्य आणि वक्तृत्व शिकवलं.

पण जीव रमला तो नाण्यांत. व्हिएन्नाच्या जेझुइटांमध्ये नाण्यांच्या अभ्यासाची एक परंपराच होती. फादर फ्रोलिश हे त्यातलं मोठं नाव. त्यांच्यामागून फादर खेल यांनी ती गादी चालवली. संघाच्या कॉलेजात नाण्यांची कपाटं होती आणि ती फादर खेल यांच्या ताब्यात होती. १७७२ साली खेल वारले आणि कपाटांच्या किल्ल्या एक्हेलकडे आल्या. तेव्हा त्याचं वय ३५ होतं.

या किल्ल्यांबरोबर त्याच्याकडे काय आलं, हे समजायला त्या काळी नाणी जमवण्याची तऱ्हा काय होती ते पाहावं लागेल. रोमन नाणी जमवायचा छंद युरोपात फार जुना. इटलीचा महाकवी पेट्रार्क याने १३५४ साली सम्राट चौथा चार्ल्स याला भेट म्हणून रोमन नाणी दिली होती. हेतू असा, की जुन्या सम्राटांचे चेहरे पाहून या नव्या सम्राटाने त्यांच्यासारखं व्हावं. पुढे राजेरजवाडे, पोप, सावकार, सगळेच नाणी जमवू लागले. हौस होती, पैसा होता, पण शिस्त नव्हती. कुणी सोन्याची एका कप्प्यात, चांदीची दुसऱ्यात, तांब्याची तिसऱ्यात लावी. कुणी मोठी आधी, लहान नंतर. कुणी गावांच्या नावांच्या अक्षरक्रमाने. शोभेला हे ठीक. पण स्पेनमधल्या एखाद्या गावाच्या नाण्याशेजारी सीरियातल्या गावाचं नाणं, केवळ आद्याक्षर एक म्हणून! त्यातून कुणाला काय कळणार?

दुसरा घोळ याहून वाईट होता. सोळाव्या शतकात ह्युबर्ट गोल्ट्झ नावाचा एक चित्रकार होऊन गेला. त्याने युरोपभर हिंडून नाण्यांवर मोठमोठे सचित्र ग्रंथ छापले. आपण कुणाकुणाचे संग्रह पाहिले, त्या शेकडो लोकांची यादीच त्याने छापली होती. एवढा हिंडलेला माणूस, शिवाय चित्रं सुरेख. त्यामुळे पुढच्या विद्वानांनी डोळे मिटून त्याच्यावर विश्वास टाकला. अडचण एवढीच, की त्याने काढलेली कित्येक नाणी त्याच्यानंतर कुणालाही कुठल्याही संग्रहात दिसली नाहीत. तरी ग्रंथावरून ग्रंथ निघत होते आणि प्रत्येकात ही न दिसलेली नाणी उतरवून घेतली जात होती. त्याच सोळाव्या शतकात इटलीत पादुआ शहरी जोव्हान्नी दा काव्हिनो या कारागिराने रोमन सम्राटांच्या मोठ्या पितळी नाण्यांच्या इतक्या हुबेहूब प्रतिकृती पाडल्या होत्या, की त्या खऱ्या नाण्यांत मिसळून संग्रहांत जाऊन बसल्या होत्या. त्याने त्या फसवायला केल्या होत्या असं नाही. पण एकदा कप्प्यात पडलं की खऱ्याशेजारी खोटं शोभून दिसतं. रोखपालाने पुडक्यातली एक नोट तपासून बाकीच्या ठेवून द्याव्यात, तसा हा सगळा कारभार.

एक्हेलने किल्ल्या हाती आल्याबरोबर काय केलं असेल? तो प्रवासाला निघाला. त्याच वर्षी तो इटलीत गेला, कारण त्याला नाणी पुस्तकांतून नव्हे, हातात घेऊन पाहायची होती. फ्लॉरेन्सला तेव्हा लिओपोल्ड हा राज्य करत होता. हा ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेझाचाच मुलगा. तिथे मेदिची घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेला नाण्यांचा खजिना होता. तो लावून द्यायचं काम लिओपोल्डने या व्हिएन्नाच्या पाद्र्याला दिलं. मेदिचींच्या नाण्यांत बसून एक्हेलने आपली नवी मांडणी पहिल्यांदा हाताने करून पाहिली.

आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या पायाखालची जमीन सरकली. जेझुइट संघाच्या वाढत्या वजनामुळे युरोपातले राजे त्याच्यावर उठलेलेच होते. पोर्तुगालने १७५९ साली, फ्रान्सने १७६४ साली, स्पेनने १७६७ साली त्याला आपापल्या मुलखातून घालवलं होतं. २१ जुलै १७७३ ला खुद्द पोपने, चौदाव्या क्लेमेंटने, साऱ्या संघाचंच विसर्जन केलं. इकडे पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याच्या महिनाभर आधीची ही गोष्ट. एक्हेलने वयाच्या चौदाव्या वर्षापासून ज्याला घर मानलं, ते एका फर्मानाने नाहीसं झालं. शाळा गेली, कॉलेज गेलं, संघाची कपाटं संघाची राहिली नाहीत. ३६ वर्षांचा, संसार नसलेला, संघाबाहेर कधी राहून न पाहिलेला हा माणूस. ज्यांनी बँकांची विलीनीकरणं पाहिली आहेत त्यांना याची थोडी कल्पना येईल. नोकरी राहते, पण ज्या नावाखाली आयुष्य काढलं ती पाटी एका सकाळी उतरलेली असते. एक्हेलची तर नोकरीही राहिली नव्हती.

त्याला तारलं ते नाण्यांनी. लिओपोल्डने आपल्या आईकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. मारिया थेरेझाचा नवरा, सम्राट फ्रान्सिस, हा नाण्यांचा मोठा शौकीन होता. १७६५ साली तो वारल्यावर त्याचा प्रचंड संग्रह राजवाड्यात होता. त्याची देखरेख करणारा व्हालांतँ डुव्हाल हाही एक विलक्षण माणूस. लहानपणी अनाथ झालेला हा फ्रेंच पोरगा गुरं राखायचा. रानात झाडाखाली नकाशे पसरून शिकत बसलेला असताना लोरेनच्या राजपुत्रांना तो दिसला, त्यांनी त्याला शाळेत घातलं, आणि गुराखी चढत चढत सम्राटाच्या नाणेसंग्रहाचा प्रमुख झाला. हा डुव्हाल आता म्हातारा झाला होता. १७७४ साली संग्रहातल्या प्राचीन नाण्यांची जबाबदारी एक्हेलकडे आली आणि त्याच सुमारास व्हिएन्नाच्या विद्यापीठात प्राचीन वस्तू आणि नाणी या विषयांचं अध्यापनही. संघ गेला, पण कपाटं पुन्हा हाती आली, पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी. मरेपर्यंतची चोवीस वर्षं त्याने या दोन कामांखेरीज तिसरं काम केलं नाही.

मग त्याने केलं काय? खरं सांगायचं तर त्याने नाणी लावली. ऐकायला हे फारच साधं वाटतं. पण ती कशी लावली, त्यातच सगळं आलं.

यासाठी मला पुन्हा बँकेत जावं लागेल. आमच्याकडे कर्जदारांची सूची अक्षरक्रमाने असे. कुणाचं खातं शोधायचं तर ती सोयीची. पण मी एकदा सुट्टीच्या दिवशी बसून थकबाकीदार गावांप्रमाणे आणि वर्षांप्रमाणे लावून पाहिले, तेव्हा एकदम दिसलं की नदीच्या अलीकडच्या पाच गावांत एकाच साली सगळ्यांची कर्जं थकलेली आहेत. अक्षरक्रमात जो नुसता बुडवा दिसत होता, तो गावाच्या रांगेत बसवल्यावर दुष्काळग्रस्त दिसायला लागला. माणसं तीच, आकडे तेच, फक्त जागा बदलल्या.

एक्हेलने नेमकं हेच केलं. ग्रीक आणि इतर शहरांची नाणी त्याने भूगोलाप्रमाणे लावली. सुरुवात पश्चिमेच्या टोकाला, स्पेनच्या बाजूने. तिथून फ्रान्स, इटली, ग्रीस, आजच्या तुर्कस्तानचा मुलूख, सीरिया, मग खाली इजिप्त आणि आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याने परत पश्चिमेला. नकाशावर बोट फिरवून पाहा. भूमध्य समुद्राला घातलेली ही चक्क प्रदक्षिणा आहे! भूगोलाप्रमाणे नाणी लावायची कल्पना त्याच्या आधी जोसेफ पेलरिन या फ्रेंच गृहस्थाने काढली होती. पेलरिन फ्रेंच आरमाराचा मोठा अधिकारी. पूर्वेच्या बंदरांतून तीस हजारांवर नाणी त्याने जमवली होती. पण त्या कल्पनेला पक्कं शास्त्र केलं ते एक्हेलने. आज दोनशे वर्षांनंतरही युरोपातले मोठे संग्रह त्याच प्रदक्षिणेच्या क्रमाने लावलेले असतात.

रोमन नाण्यांचा प्रश्न निराळा होता. रोममध्ये सम्राट येण्यापूर्वी लोकसत्ता होती. तेव्हाच्या चांदीच्या नाण्याला डेनारियस म्हणत, वजन जेमतेम चार ग्रॅम. त्यावर टाकसाळीवर त्या वर्षी नेमलेल्या अधिकाऱ्याचं नाव असे. आपल्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते, तसंच म्हणा ना. हे अधिकारी बड्या घराण्यांतले तरुण. नाण्यावर आपल्या पूर्वजांचे पराक्रम कोरून घ्यायची त्यांना हौस. ही नाणी एक्हेलने घराण्यांप्रमाणे लावली. नंतरच्या सम्राटांची नाणी मात्र त्याने काळाप्रमाणे लावली, आणि इथे त्याची खरी कसोटी लागली.

रोमन नाण्यावर सन नसतो. छाप्याच्या बाजूला सम्राटाचा चेहरा आणि भोवती त्याच्या पदव्यांची आगगाडी. त्या पदव्या आद्याक्षरांत ठासून भरलेल्या असतात. त्यात टी, आर, पी अशी तीन अक्षरं दिसतात. टीव्हीच्या टीआरपीशी त्यांचा काही संबंध नाही! लोकांच्या वतीने नकाराधिकार वापरायचा हक्क सम्राटाकडे असे आणि त्याची गणती वर्षावर्षाला पुढे जाई. म्हणून त्या अक्षरांपुढे आकडा असला की कारकिर्दीचं वर्ष कळतं. तसंच कॉन्सल हे पद सम्राटाने कितव्यांदा घेतलं त्याचा आकडा. सम्राट ट्राजन पाचव्यांदा कॉन्सल झाला इसवी सन १०३ मध्ये आणि सहाव्यांदा ११२ मध्ये. तेव्हा ज्या नाण्यावर त्याच्या नावापुढे पाचचा आकडा आहे, ते या दोन सालांच्या मधलं. असे धागे धरून एक्हेलने एकेक नाणं त्याच्या वर्षाशी नेऊन बसवलं. मग काट्याच्या बाजूची चित्रं बोलायला लागली. या वर्षी लढाई जिंकली, त्या वर्षी बंदर बांधलं, अमुक साली राणी वारली. खेडोपाडी राजाची खबर नेणारं दुसरं साधन नसलेल्या त्या काळात नाणं ही हातोहात फिरणारी बातमी होती. एक्हेलने त्या बातम्यांना तारखा घातल्या.

आणि हे करताना त्याने एक पथ्य पाळलं. नाणं स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर ज्याच्या नजरेवर भरवसा ठेवावा अशाने पाहिलेलं असलं पाहिजे. गोल्ट्झ म्हणतो म्हणून, ही साक्ष त्याने मानायचंच बंद केलं. ज्या नाण्याला गोल्ट्झखेरीज साक्षीदार नाही, त्याला त्याच्या लेखी जागा नव्हती. आज हे सहज वाटतं. पण दोनशे वर्षं थोरामोठ्यांनी उतरवून घेतलेल्या नोंदी तुम्ही खोडायला निघालात, तर त्या थोरांच्या ग्रंथांची पानंच्या पानं लटकी पडतात. इतिहासातले सुंदर तपशील हातचे जातात. खातेवही भरलेली दिसावी म्हणून आकडे ठेवायचा मोह किती मोठा असतो, हे मी सांगायला नको. एक्हेलने वही रिकामी दिसली तरी चालेल, पण खोटी नको, असा बाणा धरला. त्याच्यापुढे ती माळ आली असती, तर त्याने आधी पुतळ्या मोजल्या असत्या, आणि मगच टाक उचलला असता.

ग्रंथ एकामागून एक येत गेले. १७७५ साली आजवर अप्रकाशित असलेल्या नाण्यांचा संग्रह आला. १७७९ साली व्हिएन्नाच्या शाही संग्रहाची सूची दोन भागांत आली. पुढच्याच वर्षी मारिया थेरेझा वारली, गादीवर तिची मुलं आली आणि गेली, पण कपाटांपाशी एक्हेल तसाच होता. १७८७ साली त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं, तेही लॅटिनमध्ये नव्हे, जर्मनमध्ये. नाण्यांचा नवा अभ्यास सुरू करणाऱ्या शाळकरी मुलांसाठी ते होतं. मला हे पुस्तक त्याच्या मोठ्या ग्रंथांइतकंच महत्त्वाचं वाटतं. ज्याची शाळा पोपच्या फर्मानाने बंद झाली, तो मास्तर मनाने वर्गातच उभा होता.

१७९२ साली त्याच्या आयुष्यभराच्या कामाचा पहिला खंड आला. नाव ‘डॉक्ट्रिना नुमोरुम व्हेतेरुम’, म्हणजे प्राचीन नाण्यांचं शास्त्र. तेव्हा त्याची पंचावन्नी उलटली होती. आठ खंडांचा संकल्प होता. पहिले चार ग्रीक आणि इतर नाण्यांचे, पुढचे चार रोमन नाण्यांचे. ते दिवस शांततेचे नव्हते. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. व्हिएन्नाच्या घराण्यातली राजकन्या मारी आंत्वानेत हिचा १७९३ साली पॅरिसमध्ये शिरच्छेद झाला. १७९७ च्या वसंतात तरुण नेपोलियनच्या फौजा ऑस्ट्रियात लेओबेनपर्यंत येऊन ठेपल्या. आणि या सगळ्या धुमश्चक्रीत एक म्हातारा पाद्री सतराशे वर्षांपूर्वीच्या सम्राटांच्या कारकिर्दींची वर्षं मोजत बसला होता. पाचवा खंड १७९५ ला, सहावा १७९६ ला, सातवा १७९७ ला, आठवा १७९८ ला. आठवा खंड आला त्याच वर्षी, १६ मे रोजी, एक्हेल व्हिएन्नात वारला. वय ६१. नोकरीतला माणूस म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं. शेवटची पाकिटं मोजून, रजिस्टर मिटवून, किल्ली ठेवून माणूस उठला. शिल्लक राहिले ते टिपणांचे कागद. त्यातून निवडून पुरवणीचा एक खंड १८२६ साली छापला गेला.

त्याने केलं ते सगळंच टिकलं असं नाही. लोकसत्तेच्या काळातली नाणी घराण्यांप्रमाणे लावली की त्यांची सालं हरवतात, हे पुढच्यांच्या ध्यानात आलं. १८६० साली थिओडोर मोमसेन याने रोमन चलनाचा इतिहास लिहिताना ती काळाप्रमाणे लावायला घेतली. हा तोच मोमसेन, ज्याला १९०२ साली साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळालं. पुढे १९७४ साली मायकेल क्रॉफर्ड या इंग्रज विद्वानाच्या सूचीने ते काम मार्गी लागलं. सम्राटांच्या नाण्यांची मोठी इंग्रजी सूची १९२३ पासून खंडाखंडाने निघत गेली आणि आज कुठल्याही लिलावात रोमन नाण्यापुढे तिचाच नंबर लिहितात. पण या सगळ्यांनी दुरुस्त्या केल्या त्या एक्हेलच्या वहीत. दुरुस्त करायला आधी वही लागते.

नोंदीचं मोल काय असतं, याचा एक ताजा दाखला देतो. एक्हेलच्या जन्माआधीची गोष्ट, १७१३ सालची. व्हिएन्नाच्या याच शाही संग्रहाचा तेव्हाचा अधिकारी हेरेउस याने ट्रान्सिल्व्हेनियात सापडलेली काही सोन्याची नाणी घेतल्याची टिपणी करून ठेवली. त्यांतल्या काहींवर स्पॉन्सियन असं सम्राटाचं नाव होतं. असा सम्राट इतिहासात कुठेच नाही. पुढे १८६८ साली कोहेन या जाणकाराने ही नाणी बनावट म्हणून मोडीत काढली. १५० वर्षं ती कपाटात पडून राहिली. २०२२ साली इंग्लंडमधल्या काही संशोधकांनी त्यातलं ग्लासगोच्या संग्रहात गेलेलं नाणं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. वापराच्या झिजेच्या आणि जमिनीत पुरलेलं असल्याच्या खुणा दिसतात, तेव्हा नाणं खरं असावं, असा त्यांनी निर्वाळा दिला. दुसऱ्या जाणकारांना तो मुळीच पटलेला नाही आणि वाद चालू आहे. कोण बरोबर ते मी काय सांगणार? पण कधी, कुठून, किती नाणी आली ही टिपणी ३०० वर्षांपूर्वी कुणी करून ठेवली नसती, तर आज वाद घालायलाही जागा उरली नसती.

आपल्या देशाशीही या नाण्यांचं जुनं नातं आहे. इथल्या मिरीवर, कापडावर, मोत्यांवर रोमचा पैसा वाहून जातो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात केली होती. त्याने धरलेला आकडा होता वर्षाला पाच कोटी सेस्टर्शियस, म्हणजे सव्वा कोटी डेनारियस. ती नाणी दक्षिणेत, विशेषतः कोइंबतूरच्या बाजूला, मोठ्या संख्येने सापडली आहेत. पुदुकोट्टईच्या मुलखात १८९८ साली सोन्याच्या ५०१ रोमन नाण्यांचा साठा निघाला. त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव घातलेला. हे आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी ती मोजली आणि पाहिलं ते लिहून ठेवलं. भारतात मिळालेल्या कितीतरी रोमन सोन्याच्या नाण्यांना भोक पाडलेलं आहे, नाहीतर कडी लावलेली आहे. म्हणजे ती कुणाच्या तरी गळ्यात होती. परमुलखातलं नाणं दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची आपली रीत अशी जुनी आहे.

व्हिएन्नाच्या त्या दालनात एका काचेपुढे मी बराच वेळ उभा होतो. लेक दोनदा येऊन गेली. बाबा, किती वेळ तेच पाहताय, म्हणाली. मी रांगेतली नाणी मोजत होतो. खाली पाटीवर आकडे होते, त्यांच्याशी ताडून पाहत होतो. जुळले. माझं काहीच काम नव्हतं ते, आणि ते जुळतील हेही ठाऊक होतं.

त्या म्हातारीची माळ आता तिच्या सुनेच्या किंवा नातसुनेच्या गळ्यात असेल. पुतळ्या ३१ होत्या असं तिने त्यांना सांगितलंच असणार. बँकेत दोन कमी झाल्या, हेही सांगितलं असणार. वजन बरोबर होतं हे आता त्यांना कोण सांगणार? ते रजिस्टरसुद्धा केव्हाच रद्दीत गेलं असेल. त्या दिवशी एसटी चुकली असती तर दुसऱ्या दिवशी दुसरी मिळाली असती. पाकीट फोडून मोजायला फार तर पाच मिनिटं लागली असती.